पुढची पुढे जावी म्हणून

फक्कीने आखलेल्या चौकटीत ती उभी आहे. हातात स्लगर. सॉफ्टबॉलच्या बॅटला आपल्या मैदानांवर हेच नाव रुळलंय. पायाशी पांढरी पाचकोनी पाटी, लहान मुलं चित्रात कौलारू घर काढतात त्या आकाराची, आणि तिचं नावही 'होम'. समोर १३ मीटरवर पिचर. तिचा हात रहाटासारखा खांद्यातून एक पूर्ण फेरा घेतो आणि चेंडू मांडीजवळून सुटतो. तो सुटायच्या आत ही वळते. वरचा हात मुठीपासून सरसर वर सरकतो आणि स्लगरचा जाड भाग मागून चिमटीत धरतो. बोटं पुढे राहिली तर चिरडायची. गुडघे वाकलेले, डोळे आणि स्लगर जवळजवळ एका पातळीत. फटका मारायचाच नाही. अंगावर येणारा चेंडू स्लगरवर नुसता घ्यायचा, हात किंचित मागे न्यायचे, की चेंडूतला जीव जातो आणि तो दोन-तीन पावलांवर थंड पडतो. पहिला आणि तिसरा बेस राखणाऱ्या मुली तोवर धावून आलेल्या असतात. ही पळते. पोचणार नाही, हे तिला पहिल्या पावलालाच ठाऊक असतं. पंचांची मूठ वर जाते, आऊट. या गडबडीत पहिल्या बेसवरची तिची मैत्रीण मात्र दुसऱ्या बेसवर पोचून गुडघ्याची माती झटकत असते.

संघाच्या बाकांवरून टाळ्या पडतात. क्रिकेटवर वाढलेला प्रेक्षक बावचळतो. बाद झाली ना? मग टाळ्या कशाच्या?

या खेळीला नियमांच्या पुस्तकात 'सॅक्रिफाइस बंट' म्हणतात. बंट म्हणजे हा थंड केलेला चेंडू, आणि त्याच्या आधीचा शब्द म्हणजे त्याग, आहुती, बळी. मराठीतल्या तीन वेगवेगळ्या वजनांच्या शब्दांचं काम तिथे एकच शब्द करतो. बुद्धिबळातही मोहऱ्याचा बळी देतात, पण तिथे बळी जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. सॉफ्टबॉलमध्ये बळी जाणारी जिवंत असते, तिला मत असतं, सरासरी असते, आणि घरी गेल्यावर "आज किती मारलेस?" असं विचारणारा भाऊ असतो. मग तिने जे केलं त्याला त्याग म्हणायचं का? आणि म्हणायचं तर माजघरात, शेतात, धरणाच्या पाण्याखाली ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याग म्हणत आलो, त्याचं काय?

हा प्रश्न पडायला मुळशी ही चांगली जागा आहे. पुण्याच्या कर्वे रस्त्याला पौड फाट्यावर फुटलेला रस्ता चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीच्या दिशेने जातो. ज्यांच्या नावाचा रस्ता मागे राहिला त्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. पुढे जिथे रस्ता पाण्याला लागतो, तिथे १९२१ साली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. या दोन टोकांच्या मधे लवळ्याच्या टेकडीवर आज सिंबायोसिसचं विद्यापीठ आहे, त्याच लवळ्यात फ्लेम विद्यापीठ आहे, आणि तालुक्याच्या पुण्याकडच्या कडेला, म्हाळुंगे-बालेवाडीत, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं शिवछत्रपती क्रीडा संकुल. कोळवणच्या खोऱ्यात चिन्मय मिशनचं केंद्र आहे, तिथे गीतेवर बोललं जातं. भात, विद्यापीठं, गीता आणि धरण, सगळं तासाभराच्या मोटारसायकलीच्या अंतरात.

खेळाची जन्मकथा थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण येल आणि हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळल्यावर एकाने आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने त्या मोज्याची दोरीने मोट बांधून खोलीतल्या खोलीत बेसबॉल मांडला. 'सॉफ्टबॉल' हे नाव मिळायला १९२६ उजाडलं. (चेंडू मऊ नसतो. पोटरीवर बसला की नाव ठेवणाऱ्याची आठवण होते.) पुरुषांच्या थट्टेतून निघालेला हा खेळ पुढे बायकांनी असा काही उचलला, की पहिली जागतिक स्पर्धा त्यांचीच झाली, १९६५ साली मेलबर्नला, पुरुषांची त्यानंतर वर्षाने. ऑलिंपिकमध्ये १९९६ ते २००८ सॉफ्टबॉल होता तो फक्त स्त्रियांचा. मग तो वगळला, टोकियोत परत घेतला, पॅरिसला पुन्हा वगळला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसला पुन्हा बोलावणं आहे.

विद्यापीठांतली वाढ मात्र कायद्यामुळे झाली. अमेरिकेने १९७२ साली कायद्यात एक छोटंसं कलम घातलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेद करायचा नाही, एवढंच त्यात होतं. त्यात खेळाचा शब्दसुद्धा नाही. पण मुलांच्या संघांवर होणारा खर्च आणि मुलींच्या संघांवर होणारा खर्च शेजारी-शेजारी मांडायची वेळ आली, तेव्हा विद्यापीठांना मुलींसाठी मैदानं शोधावी लागली, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. १९८२ साली तिथल्या विद्यापीठांच्या मुख्य क्रीडा संघटनेने स्त्रियांची पहिली सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा घेतली.

आपल्याकडे असा कायदा नव्हता आणि पैसाही नव्हता. देशाची सॉफ्टबॉल संघटना १९६१ ची, पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६७ साली जोधपूरला झाली. महाराष्ट्रात हा खेळ मुंबईच्या क्लबांपेक्षा जळगाव, अमरावती अशा गावांत जास्त मुरला. त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे; शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले शिक्षक तिथून विदर्भ-खानदेशातल्या शाळांत गेले, आणि त्या शिक्षकांना मुलींना खेळवायला असा खेळ हवा होता जो एका मैदानात, थोड्या सामानात बसेल आणि ज्यात क्रिकेटसारखी मुलांची आधीच मक्तेदारी नसेल. आज शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आहे, विद्यापीठांत आहे, आणि राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्राच्या मुलींचा दबदबा आहे.

विद्यापीठाचा मुलींचा संघ कसा उभा राहतो, हे एकदा जवळून पाहावं. जून-जुलैत महाविद्यालयातले स्पोर्ट्सचे सर वर्गावर्गांत फिरतात. सॉफ्टबॉल खेळलेली एखादीच असते. मग खो-खोतली पोरगी उचलायची, कारण तिला वळायला जमतं. भालाफेकवालीला आऊटफिल्डला ठेवायचं, कारण तिचा हात लांब जातो. कबड्डीत रेड करणारी कॅचर होते. अंगावर येणाऱ्याला ती भीत नाही. ग्लोव्हज नऊ जणींत सहा. इनिंग संपली की ग्लोव्ह मैदानातच ठेवून यायचा, समोरच्या संघातली मुलगी तोच घालते. मग आंतरमहाविद्यालयीन, विभागीय, आंतरविभागीय, त्यातून निवड, निवडीतून सराव शिबिर, आणि शेवटी आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणाऱ्या गाडीचं स्लीपरचं तिकीट. विद्यापीठाच्या नावाचा ट्रॅकसूट मिळाला की घरचे पहिल्यांदा विचारतात, "हे काय असतं गं, सॉफ्टबॉल?"

आणि दुसरा प्रश्न, "सर्टिफिकेट मिळतं ना?"

हा दुसरा प्रश्न टाळून कर्मफळावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण आहेत. २००५ पासून राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ज्या खेळात गर्दी कमी, त्यात राज्याचं प्रमाणपत्र मिळण्याची आशा जास्त, हा हिशोब पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या बापाला पाठ असतो. सॉफ्टबॉलच्या वाढीत या हिशोबाचा मोठा वाटा आहे. त्यातून वाईटही निघालं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी भरभरून छापली. पण मैदानात खरंच घाम गाळणारी मुलगी शिपाई व्हायची इच्छा मनात धरून बंट मारत असेल, तर तिचा बंट कमी अस्सल होतो का? निष्काम कर्मावर प्रवचन देणं त्याला सोपं, ज्याचा पगार पहिल्या तारखेला जमा होतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ते सॉफ्टबॉलच्या नियमांशी चमत्कारिक जुळतात. मोहाने, न कळता कर्तव्यच टाकून देणं हा तामस त्याग. शरीराला त्रास होईल या भीतीने अंग काढून घेणं हा राजस. आणि करायचं ते काम चोख करून त्यातली आसक्ती आणि फळ सोडणं हा सात्त्विक. आता मैदानात या. दोन आऊट झालेले असताना बंट मारून स्वतः बाद होणारीच्या नावावर त्याग लागत नाही. नियमच तसा आहे, कारण तिसरा आऊट झाला की पाळीच संपते, पुढे जाणारी जागच्या जागी राहते. त्या वेळी स्वतःला होमात टाकणं म्हणजे निव्वळ मोह. वेगवान चेंडू तोंडासमोर येताना मान मागे घेणारी मुलगी राजस त्यागाचं उदाहरण म्हणून कुठल्याही पाठशाळेत चालेल. आणि बंट उंच उडाला, कुणी झेलला, तर तोही त्याग धरत नाहीत, मनात कितीही उदात्त असलं तरी. त्याग नीट जमावा लागतो. तो कौशल्याचा भाग आहे, ही गोष्ट आपल्या त्यागमूर्तींच्या चरित्रांत सहसा नसते.

याहून विलक्षण गोष्ट मैदानाबाहेर, स्कोअररच्या मांडीवर आहे. तिच्या वहीत प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक पाळीसाठी एक लहान चौकोन असतो आणि चौकोनात हिऱ्याची आकृती. बंट पडला, तिसऱ्या बेसवरच्या मुलीने उचलला, पहिल्या बेसकडे धावत आलेल्या दुसऱ्या बेसवालीला फेकला, की स्कोअरर लिहिते ५-४ आणि शेजारी त्यागाची दोन अक्षरं. पण ती लिहिण्याआधी तिला एक निवाडा करावा लागतो. ही मुलगी मैत्रिणीला पुढे काढायला बंट मारत होती, की बंट मारून स्वतःच पहिला बेस गाठायला बघत होती आणि फसली? पहिलं असेल तर त्याग. दुसरं असेल तर नुसतीच बाद. कृती एक, निकाल एक, फरक मनातल्या हेतूचा, आणि तो वहीत नोंदवायची जबाबदारी एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीवर, जिच्या हातात खोडरबर लावलेली पेन्सिल आहे. चित्रगुप्ताचं काम याहून फार वेगळं नसावं.

त्याग लागला, तर ती पाळी सरासरीत धरत नाहीत. दहा पाळ्यांत तीन वेळा बेस मारलेली मुलगी अकरावीला बंट देऊन बाद झाली, तरी तिचा हिशोब दहात तीनच राहतो, अकरात तीन होत नाही. दिलं, पण खेळाने तिला बुडू दिलं नाही. इथे एखादा खवट वाचक विचारेल, मग यात गेलं काय? गेली ती संधी. सामन्यात तीन-चार वेळा मिळणाऱ्या पाळीतली एक, जिच्यात कदाचित तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब फटका होता. बेसबॉलचे आकडे पिंजणाऱ्या अमेरिकन मंडळींनी तर दाखवून दिलंय की एक आऊट देऊन एक बेस विकत घेणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो. सॉफ्टबॉलमध्ये बेस १८ मीटरवर, इनिंग सातच आणि धावा मोजक्या, म्हणून बंट तग धरून आहे.

मराठी घरात मात्र अशी वही नसते. सगळ्यांची पानं उठल्यावर जेवणारी आई, दिराच्या शिक्षणासाठी पाटल्या मोडणारी वहिनी, नवऱ्याची बदली झाली म्हणून नोकरी सोडणारी बायको. यांच्या सरासरीत ती पाळी धरलेलीच असते. "तिने आयुष्यात काय केलं?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." म्हणजे दहात तीनचं अकरात तीन, बारात तीन, वीसात तीन. वर सत्कारात शाल.

बरं, ज्यांनी फळाची आशा सोडून कर्म करायला सांगितलं, त्यांनी हे कर्माचं दार सगळ्यांना उघडलं होतं असंही नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं, आणि महाराष्ट्राला कर्मयोग हा शब्द त्यांनीच पुन्हा शिकवला. त्याआधी तीसेक वर्षं, हुजूरपागेच्या शाळेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा अभ्यासक्रम द्यायचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या वर्तमानपत्रांनी विरोध केला होता. हे टिळकांना लहान करण्यासाठी लिहिलेलं नाही. कर्म कोणतं करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, हे तत्त्व ग्रंथात किती सहज बसतं आणि शाळेच्या वेळापत्रकात किती अवघड, एवढंच त्यातून दिसतं.

प्रश्नाचा खरा गाभा गीतेपेक्षाही मीमांसेत सापडतो. मीमांसा हे रूक्ष शास्त्र. यज्ञाची वाक्यं कशी लावायची याचा कीस काढणारं, आणि कदाचित त्यामुळेच भावनेने न भिजणारं. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी त्याचा सात खंडांचा कोश केला, तो उघडून बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत उठत नाही म्हणतात. मीमांसक म्हणतात, याग म्हणजे आगीत तूप ओतणं नव्हे. ओततो ऋत्विज, तो मजूर. याग म्हणजे देवतेला उद्देशून आपल्या वस्तूवरचा आपला हक्क सोडणं, आणि ते काम यजमानाचंच. हे आता माझं राहिलं नाही, असं त्याने स्वतः म्हणायचं असतं. त्यातून एक साधी पण कडक अट निघते. जे आपलं नाही ते देता येत नाही.

जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात या अटीवरून दोन वाद आहेत, आणि दोन्ही मुळशीच्या रस्त्यावर उपयोगी पडणारे. पहिला, स्त्रीला यागाचा अधिकार आहे का? नाही म्हणणारा पक्ष म्हणतो, स्त्री विकत घेतली जाते, दिली जाते, तिच्या मालकीचं काही नाही. जिच्याकडे द्रव्यच नाही ती सोडणार काय? सिद्धान्त याच्या उलट आहे. विवाहात दिलं जाणारं ते मूल्य नव्हे, तो विधी आहे. घरच्या द्रव्यावर तिची मालकी आहे. स्वर्गाची इच्छा पुरुषाला आहे तशी तिलाही आहे. म्हणून अधिकार आहे. दोनेक हजार वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद वाचताना उठून टाळी द्यावीशी वाटते. पण चार पावलांवर तेच शास्त्र हात आखडतं. तिने नवऱ्याबरोबर बसायचं, आणि तिच्यासाठी नेमकं जेवढं सांगितलंय तेवढंच करायचं, कारण तिचं अध्ययन झालेलं नाही. आणि शूद्राला तर अधिकारच नाही, यावर वेगळं अधिकरण आहे. अध्ययन नाही म्हणून अधिकार अर्धा, आणि अधिकार नाही म्हणून अध्ययन नाही. ही गाठ १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी एका शाळेने सोडवायला घेतली. ज्या विद्यापीठाच्या ट्रॅकसूटवर आज इथल्या मुली मिरवतात, त्याला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे.

दुसरा वाद विश्वजित यागाचा. त्यात यजमानाने सर्वस्व द्यायचं असतं. मग सर्वस्वात आई-बाप येतात का? नाही, ते आपले असतात, पण आपल्या मालकीचे नसतात. राजा यजमान असेल तर जमीन? शबरस्वामींचं भाष्य सांगतं की जमीनही नाही. पृथ्वीवर सगळ्यांचा सारखाच हक्क, ती एकाने उचलून देऊन टाकायची वस्तू नव्हे.

मुळशीत जे झालं ते याच्या अगदी विरुद्ध. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीला धरण बांधायचं होतं. पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून खाली कोकणात भिऱ्याला वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी बांधकामावर जाऊन बसले. त्यांत बायकाही होत्या. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी इथेच दिली. या लढ्याचा अभ्यास करणाऱ्या राजेंद्र व्होरांनी दाखवलेली एक गोष्ट फार बोचणारी आहे. बुडणारी बरीचशी जमीन कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांची होती. कसणारे मावळे लढत राहिले, आणि सावकारांनी वाढीव मोबदल्यावर तडजोड केली. ज्यांचं होतं त्यांना विचारलं नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांचं त्या मातीत काही नव्हतं. १९२४ च्या शेवटाला बापट सात वर्षांसाठी तुरुंगात गेले, लढा संपला, १९२७ च्या सुमारास धरण पुरं झालं. नंतर याच बापटांनी अरविंदांचा 'लाइफ डिव्हाइन' मराठीत आणला, यावरून माणूस कोणत्या जातीचा होता ते कळावं.

देशाच्या प्रगतीसाठी मुळशीकरांनी केलेला त्याग, असं वाक्य भाषणांत अजूनही येतं. मीमांसकाने ते ऐकलं असतं तर तिथेच थांबवलं असतं. यजमान कोण? 'हे माझं राहिलं नाही' असं कोण म्हणालं? भिऱ्याच्या टर्बाइनवर पाणी सोडणारा ऋत्विज दिसतो, देवता दिसते, फळ खाणारी मुंबई दिसते. यजमानाची जागा रिकामी आहे. याला हिसकावणं म्हणतात. आणि सॉफ्टबॉलच्या स्कोअररनेही इथे त्यागाची दोन अक्षरं लिहिली नसती, कारण बंट मारणारी मुलगी पुढच्या फेरीत पुन्हा स्लगर घेऊन उभी राहते. तिच्यामुळे आज जी पुढे गेली ती उद्या तिच्यासाठी बंट मारते. मुळशीची पाळी परत आली नाही. आली ती निराळ्याच रूपात, पुण्याकडून सरकत आलेल्या गुंठेवारीची, जिच्यावर 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमा २०१८ साली निघाला. त्यात जमीन विकणारे स्वतःच्या सहीने विकतात, आणि तरी त्याला त्याग कुणी म्हणत नाही.

इथपर्यंत खेळाची बाजू वरचढ वाटते. पण तिलाही एक भोक आहे, आणि ते मैदानावरच्या कुणालाही विचारा, हसून दाखवेल.

बंट मुलगी ठरवत नाही. तिसऱ्या बेसच्या बाहेर उभे असलेले कोच ठरवतात. ते टोपीला हात लावतात, कोपर चोळतात, पट्ट्यावरून बोट फिरवतात, आणि त्या खाणाखुणांत कुठेतरी 'बंट' दडलेला असतो. त्याला मैदानावर साइन म्हणतात. साइन आली की मारायचा. मग यजमान कोण राहिलं, ती की सर? संघात ती स्वतःहून आली, साइन पाळायची हे तिने आधीच कबूल केलं, म्हणून प्रत्येक साइन ही तिच्याच जुन्या होकाराची पावती, असं म्हणता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही सुनेला नेमकं हेच सांगितलेलं असतं, हे विसरून चालणार नाही.

शिवाय साइन सगळ्यांना सारखी येत नाही. जिचा हात मोठा, तिला सर म्हणतात, "मार!" क्रमात दुसरी किंवा नववी येणारी, अंगाने बारकी, पायाने चपळ अशी एक मुलगी प्रत्येक संघात असते, आणि बंट तिच्या वाट्याला लिहिलेला असतो. यूकिको उएनोने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून जपानला सुवर्ण मिळवून दिलं, ते जगाला पाठ आहे. त्या स्पर्धेत बंट मारून कोण कोण बाद झालं, हे शोधायला जपानी वही उघडावी लागेल. वहीत असेल, हे खरं. पण वही वाचतं कोण? निवड समितीपुढे सरासरीचा आकडा जातो, आणि नोकरीच्या अर्जात 'त्याग' असा रकाना नसतो.

ज्या प्रशिक्षकांना हे कळतं, ते एक उपाय करतात. सरावाला सगळ्यांना बंट मारायला लावतात, लांब टोलवणाऱ्या मुलीलाही, आणि बारकीला आठवड्यातून दोनदा नुसतं मोकळं मारू देतात. संघातलं वातावरण त्याने बदलतं म्हणतात. सामन्यात मात्र पहिल्या बेसवर मुलगी असली, आऊट एकही नसला आणि धावा बरोबरीत असल्या, की हात पुन्हा टोपीकडे जातो.

अशा वेळी ती बारकी कधीकधी साइन बघतच नाही. म्हणजे बघते, पण बघितल्यासारखं करत नाही. चेंडू सुटतो, वरचा हात जागचा हलत नाही, आणि ती पुऱ्या ताकदीने स्लगर फिरवते. कधी चेंडू तिसऱ्या आणि शॉर्टस्टॉपच्या मधून गवतात जातो, कधी सरळ पिचरच्या हातात. बाकांवर एक क्षण कुणी बोलत नाही. परत आल्यावर सर विचारतात, "साइन दिसली नाही का?" ती ग्लोव्ह शोधत खाली वाकलेली असते. "नाही सर," म्हणते. स्कोअरर शेजारीच बसलेली असते. तिने सगळं पाहिलेलं असतं, साइनही, आणि ही साइन पाहणारे डोळेही. वहीत तिने जे झालं तेवढंच लिहिलेलं असतं, आणि ती पुढच्या मुलीचा चौकोन उघडते.